मिठाविना मटण

आता तुमीच सांगा बायांनो, यात माझं काय चुकलं? लेकानं हट्टानं लडाखला नेलं. थंडी अशी, की बोलायला तोंड उघडलं की दात वाजायचे. आम्ही उतरलो त्या घरच्या म्हातारीनं दोरीला मेंढीचं मटण सुकत टांगलेलं, आणि त्याला मिठाचा एक कण नाही! आपल्या दिवाळे गावात माझा सारा जन्म खारी मासळी विकण्यात गेला, मला ते बघवेना. चुलीजवळ मिठाचा डबा होता, तो अख्खा मी मटणाला चोळला.

म्हातारी आली नि कपाळावर हात मारून ओरडायलाच लागली. मी तिच्या सुनेला म्हटलं, "सासूला सांग, मीठ नाय लावलं तर किडे पडतील."

सून हिंदीतून म्हणाली, "आजी, इथं थंडीनंच मटण सुकतं, माशीसुद्धा नाही. ते मीठ चहाचं होतं. गावात दुकान नाही, आता चहात काय घालू?"

चहात मीठ? लेक मला गप्प करत होता, पण माझं डोकंच फिरलं.

"अगो, मटन मिठाविना ठेवता, नि मानसांना मिठात मुरवता काय?"