उत्तरेकडे सरकणारी गांडुळं

— नाही, हे पुस्तक तुझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत चालणार नाही, काट मार त्यावर. माझ्या बहिणीचं आहे म्हणून नव्हे गं, तसं समजू नकोस. धाकटी, हो — चेहरा मिळतो म्हणतात सगळे, लिखाण नाही मिळत. आता नीट ऐक. अभ्यासाचं लिखाण कुठलं नि वेळ घालवायचं कुठलं, कसं ओळखायचं? शेवटची पानं आधी उघडायची. बघ, आहे एक तरी संदर्भ? छापण्याआधी कुणा जाणकारानं तपासलंय? कोण तपासणार, प्रकाशकाला मुखपृष्ठाची घाई. मुखपृष्ठ तरी काय — गांडुळाच्या गळ्यात होकायंत्र. गांडुळाला गळा असतो का? पण आवृत्त्यांवर आवृत्त्या. आमचे बाबा तर गॅसवाल्यालासुद्धा उभं करून दाखवतात. आणि मी वर्षानुवर्षं चिखलात बसून गांडुळांवर लिहिलेला शोधनिबंध कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली — असो. जळते म्हण हवं तर. जळतेच.

मुळात तिला त्यातलं कळतं काय? मी गांडुळं धुवायची तेव्हा ही नाक दाबून दाराबाहेर. माझा निबंध तिनं उघडूनही पाहिला नाही, पैजेवर सांगते. पाहिला असता तर हे लिहिलं असतं? वाच, तूच खूण केलीयस — ‘पाऊस थांबला की गांडुळं उत्तरेकडे सरकतात.’ उत्तरेकडे म्हणे. याच वाक्यावर सभेत टाळ्या घेते, यावरूनच ते होकायंत्र. अगं, उताराकडे सरकतात, पाणी जातं तिकडे. उताराकडे. असली चूक कुठल्या शोधनिबंधात सापडेल तुला?

सापडेल. माझ्या. छापखान्यानं ‘उताराकडे’चं ‘उत्तरेकडे’ केलं होतं — पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं, पण ते कोण वाचतंय? निबंधच कुणी वाचला नाही. आजवर एकानंही संदर्भ दिला नाही त्याचा, तूही नाही दिलास, मी पाहिलं. दुसरं कुठंही नाही हे ‘उत्तरेकडे’. म्हणजे हिनं माझ्यातूनच उचललं, चोरटी — नाव घालायला काय झालं होतं? आणि विचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी, की बाई, ती छपाईची चूक आहे —

पार शेवटाकडे होतं गं ते वाक्य. सगळी कोष्टकं संपल्यावर. तिथवर कुणी उगाच पोचत नाही. पहिल्यापासून वाचत यावं लागतं.

नाही, पुस्तक राहू दे इथंच. सूचीचं उद्या बघू. जाताना दार ओढून घे.