अक्षर उघडं आहे

ट्युनिशियातल्या बिझर्तच्या बंदराजवळ गरम फतीर, म्हणजे मैद्याच्या मोठ्या पुऱ्या, तळणाऱ्यापुढे सकाळची रांग लागली होती. रांगेत मबरूकाच्या पुढे मोहल्ल्यातल्या मुलींना ‘मोठी ताई’ मिळवून देणाऱ्या संस्थेतल्या दोघी उभ्या होत्या, सलवा आणि नझीहा. त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून मबरूकाने ओढणी हळूच कानामागे सारली.

“नझीहा, एका मुलीचा नवा अर्ज आलाय. तिला मोठी ताई हवीय.”

“माझ्याकडे आधीच सात जणी आहेत, सलवा.”

“म्हणून तर तुला घर आठवत नाही!”

“टोमणे पुरे. काय लिहिलंय ते सांग.”

“‘आई गावभरच्या मुलींचं ऐकून घेते. मी तोंड उघडलं की म्हणते, दमलेय गं, उद्या बोलू.’”

“अगं बाई! कसली ही आई? दे तिचा नंबर, चांगली खरडपट्टी काढते.”

“आपण फक्त ऐकायचं असतं. तूच शिकवतेस ना सगळ्यांना?”

“ते मुलींचं. असल्या आयांना सुनवावंच लागतं. नाव काय बाईचं?”

“नावं झाकायचा आपला नियम आहे. अक्षर मात्र उघडं आहे, बघ.”

कागद नझीहाच्या हातात गेला. तिने तो डोळ्यांजवळ नेला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मागे मबरूका खोकलासुद्धा आवरून उभी राहिली.

“मग? खरडपट्टी कधी काढतेस?”

“गप गं.”

“किती देऊ, बाई?” फतीरवाल्याने विचारलं.

“दोन. एक मला, एक माझ्या लेकीला. तिच्या फतीरवर अंडं फोड. नको, थांब, साधीच दे...” नझीहा सलवाकडे वळली. “तिला अंडं आवडतं का गं? अर्जात काही लिहिलंय?”