सात नंबरच्या टाकीतले तंतू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय सबनीस साहेब, मुख्य कार्यालयातून आवर्जून आलेले पाहुणे, सत्कारमूर्ती डॉ. करंबेळकर सर, सौ. करंबेळकर वहिनी, आणि जागा न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांसह माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मी मंजुळा तामोरे, घिवलीची, इथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. सरांविषयी बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी मागून घेतलं. हे कळल्यावर सरांच्या कपाळाला आठी पडली म्हणे. सर, ती अगदी रास्त होती.

आधीच्या वक्त्यांनी सरांची शिस्त सांगितली. मी सात नंबरच्या टाकीविषयी सांगते.

पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करते. आपलं औषध एका बुरशीपासून मिळतं. ती टाकीत तंतूंनी वाढते, तंतूंना फांद्या फुटतात. पूर्वी आम्ही ती गाळून, वाळवून तिचं वजन करायचो. पण वजनावरून काय कळणार? धडधाकट तंतू असोत नाहीतर त्यांचा चुरा, काटा सारखाच. म्हणून नव्वद साली सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसला. चित्र संगणकात जाऊ लागलं आणि तंतूंची लांबी, फांद्या, वाढती टोकं मोजता येऊ लागली. ते यंत्र आणवलं सरांनीच. टाळ्या वाजवा, ते श्रेय त्यांचंच आहे.

सर तेव्हा इथले कारखानाप्रमुख. पुढच्या वर्षी त्यांना उत्पादन वाढवून दाखवायचं होतं. सात नंबरवर कुंभवलीचा नवशा वरठा ऑपरेटर होता. माझ्यादेखत सर त्याला म्हणाले, "ढवळायचा वेग वाढव. हवा जास्त मिळाली की बुरशी जोमाने वाढेल." नवशाने वाढवला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाहते तर तंतूंचे नुसते तुकडे! मी धावत गेले. "सर, तंतू तुटतायत. वेग कमी करू या."

"वजन तर वाढलंय. तुझ्या त्या टीव्हीवर मी कारखाना चालवू का?"

तुटलेल्या तंतूंतून औषध उतरलंच नाही. अख्खी टाकी फेकावी लागली. मुख्य कार्यालयाने जाब विचारला, तेव्हा सरांनी सांगितलं की नवशाने वॉल्व्ह उघडा ठेवला आणि बाहेरचे जंतू शिरले. पाळी सुटताना, गेटवर, सगळ्यांसमोर त्याचा पास काढून घेतला. "या माणसाच्या हलगर्जीपणामुळे टाकी बाटली!" तुमच्यापैकी कितीजण तेव्हा तिथे उभे होते? हात वर करू नका, मला माहीत आहे.

चौकशीत मी चित्रं मांडली. त्यांत बाहेरचा एकही जंतू नव्हता, होते ते फक्त तुटलेले तंतू. सर हसले. "पोरीला अनुभव कमी आहे." आठवड्याभरात माझी बदली बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात झाली. माझं ठीक आहे, मला पगार तरी होता. नवशा बोईसरच्या ज्या ज्या गेटवर गेला तिथे त्याला विचारलं, "टाकी बिगाडनेवाला तू ही ना?" शेवटी तो आणि त्याची बायको लाडकी वीटभट्टीवर गेले. त्यांची सोमी तेव्हा शाळेत पहिली यायची. तिची शाळा सुटली ती कायमची.

मी विसरले नाही. लेबलं लावताना रोज आठवत होतं.

सर बदलून मुंबईला गेले, त्यांच्या जागी आलेल्या सबनीस साहेबांनी मला प्रयोगशाळेत परत आणलं. यंदा मी दोन लहान भांडी लावली. बुरशी तीच, खाद्य तेच. एकात नेहमीचा वेग, दुसऱ्यात सरांचा. दुसऱ्यातले तंतू तसेच तुटले. सरांना बोलावून पडदा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "तामोरे, मी निवृत्त होतोय. जुनं कशाला उकरून काढायचं?"

मी म्हटलं, "सर, नवशाला निरोप समारंभसुद्धा मिळाला नव्हता."

सबनीस साहेबांनी नवशाला कामावर परत घ्यायचा हुकूम काढला. तो घेऊन मी स्वतः भट्टीवर गेले. त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, "नोकरीचा नंतर बगू, मॅडम. साहेब मला गेटवर सगल्यांसमोर बोलले. आता त्यांनाच सगल्यांसमोर सांगू दे, चूक नवशाची नाय."

तो आला आहे. दाराजवळ, निळा शर्ट, शेजारी लाडकी. जरा मागे वळून पाहा. सर, तुम्हीही पाहा.

समारंभाचं औचित्य मी मोडलं असं काहींना वाटत असेल. पण एवढं भरलेलं सभागृह आणि त्यात सर, हा योग पुन्हा कधी यायचा?

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, मध्येच दोनदा 'आवरा' अशी चिठ्ठी येऊनही मला थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. वहिनी, तुमच्याशी माझं काही वैर नाही. माझ्या शब्दांनी तुम्हाला दुखवलं असेल, तर तुम्ही मला क्षमा करा. सभागृहानेही करावी.

सरांची क्षमा मात्र मी मागत नाही. माइक त्यांच्या हाती देते आहे.

बोला सर. नवशा ऐकतोय.