नळीतला बर्फ

नाही म्हणजे नाही, साहेब, या अपघाताच्या अहवालावर मी सही करणार नाही — आणि आवाज खाली, भिंतीपलीकडे वनाची आई आहे, शेवंतामावशी, पोरगं जाऊन महिना झाला तरी अजून दोघांच्या भाकरी थापते. मुंबईहून धरणगावपर्यंत जीप हाणत आलात ते कशाला, तर मेलेल्याच्या माथी खापर फोडायला? काय लिहिलंय — "मयत वना कौतिक याने ड्रिलिंगच्या जहाजावर कोणालाही न विचारता पाइपाचे टोक उघडले." वा! लिहायला काय जातं! समुद्राखाली हजार मीटरवर पाणी किती गार असतं ते तुम्हाला मुंबईत बसून काय कळणार — तिथल्या तेलाच्या विहिरीतून गॅस वर आला, त्या गारठ्यात, त्या दाबात पाण्यात मिसळला आणि पाइपात दगड होऊन बसला. बर्फ? बर्फ कसला, काडी लावली तर पेटतो तो! ड्रिलिंगच्या चिखलात मीठ घाला, मीठ असलं की असा गोठत नाही, हे आम्ही आठ दिवस ओरडत होतो — मिठाची बोट कोणी अडवली? तुम्ही. "काम थांबता कामा नये" असं वायरलेसवर कोण बोंबलत होतं? तुम्हीच ना? मग ते यात कुठाय? — चष्मा काय पुसता, दाखवा ना, कुठाय?

आणि वना न विचारता करील? वना? अहो, जहाजावर पाणी प्यायचं तरी "पितांबरभाऊ, पेऊ का?" — असा माणूस! मीच त्याला नोकरीला नेला, माझ्या शब्दाबाहेर बोट हलवायचा नाही. त्या दिवशीही पाना हातात घेऊन माझ्याकडंच बघत उभा — "भाऊ, टोक उघाडू का?" — आता आमच्या केळीतली ठिबकची नळी तुंबली की आम्ही काय करतो? शेवटचं टोक उघडतो, पाण्याच्या जोरानं कचरा भसकन बाहेर, शेंबडं पोरसुद्धा करतं ते. तुमच्या पुस्तकात म्हणे लिहिलंय, दोन्ही बाजूंनी दाब हळूहळू उतरवा, एकीकडून उघडू नका — आम्हाला कोणी वाचून दाखवलं? खालून एवढा दाब, वरून मोकळं, तो गोळा असा सुटून येईल, पाइप फाडून त्याच्या छातीत बसेल, हे मला काय माहीत — मी आपलं म्हटलं, उघाड रे, काही होत नाही...

काय बघता? काय लिहिता? मी असं म्हटलंच नाही — म्हणजे म्हटलं, पण — ठेवा ते पेन! ठेवा म्हणतो ना! उठा, चहाबिहा काही मिळायचा नाही, तुमचा कागद घ्या आणि चालते व्हा — कोण उभं आहे दारात, कधीपासून?

मावशी... तू कव्हयनी उभी शे आठे?