कपाटातली बहात्तर व्याख्यानं

नाही उघडणार. कितीदा दाबलंत तरी नाही उघडणार ते – अहो, तुमच्या फोनचा दोष नाही, नेटचाही नाही. मी काढलंय ते चॅनेल. आज सकाळी साडेआठला, सगळंच्या सगळं, बहात्तर व्याख्यानं. बसा ना, उभे का? योकोहामाच्या बंदरावर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी 'मोरेश्वर सर ना तुम्ही?' म्हणून हटकेल, असं वाटलं नव्हतं बघा. आणि नेमकं आजच. अद्वैत म्हणालात ना? तुम्ही कंप्युटरच्या लायनीतले – गळ्यात पट्टा आहे की ऑफिसचा. मग एक सांगा, काढलेलं परत आणता येतं का? – थांबा, लगेच मान हलवू नका. आधी ऐकून घ्या.

हे समोर पाणी दिसतंय ना, इथून जरा खाली उरागाला अठराशे त्रेपन्न साली अमेरिकेच्या चार काळ्या बोटी आल्या. तुम्ही ऐकलंय ते व्याख्यान? पहिलंच. मग तुम्हाला आठवत असेल – तोफ नाही डागली त्यांनी, पत्र दिलं. गोड भाषेत, मैत्रीचं. आणि म्हणाले, उत्तर न्यायला पुन्हा येतो, जास्त बोटी घेऊन. आले की पुढच्या वर्षी! करार झाला तो आपल्या पाठीमागे, पाच मिनिटांवर. मी काय म्हणालो होतो, की अमेरिकेचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायचं तर त्यांच्या मतदाराच्या घरात डोकवा. तिकडे कुठल्याशा गावात कारखाना बंद पडतो, तिथली मतं इकडची तिकडे होतात, आणि इथे मोटारींवर जकात बसून नागोयातला सुटे भाग बनवणारा डोक्याला हात लावून बसतो. सरकार बदललं की भाषा बदलते – एक म्हणतो मूल्यं, दुसरा म्हणतो सौदा – बोटी त्याच! फार अंगठे आले होते त्या वाक्याला. पण शिव्या नाही दिल्या हं मी कधी. बेचाळीस साली लाखाच्या वर जपानी वंशाची माणसं छावण्यांत कोंडली, हे सांगितलं, आणि शेहेचाळीस वर्षांनी कायदा करून माफी मागितली, हेही सांगितलं. आपलीच लाज छापून ग्रंथालयात ठेवणारा देश आहे तो. गुप्त कागद जुने झाले की बाहेर काढतात – या, वाचा. माझी अर्धी व्याख्यानं त्यांच्याच कागदांवर उभी होती. होती म्हणतोय बघा मी. सकाळपर्यंत 'आहेत' म्हणायचो.

रेकॉर्डिंग कुठे करायचो ठाऊक आहे? कपाटात. हसा, हसा. इथे भिंती पातळ, आणि माझा आवाज अडतीस वर्षं वर्गात कमावलेला – खालच्या आजींनी पेटीत चिठ्ठी टाकली, आधी चार ओळी माफी मागून, की आपले पाहुणे फार उत्साहानं बोलतात. तेव्हापासून गाद्यांच्या कपाटात सरकतं दार लावून बसायचो. आमच्या वडिलांनी नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घेतलं नाही, आणि मी जावयाच्या कपाटात बसून जगाला शहाणपण शिकवतोय. आणि चॅनेल कुणाच्या नावावर? जावयाच्या. नचिकेतच्या. माझा पुण्याचा नंबर इथे चालेना, तो म्हणाला, बाबा माझा टाका, त्यात काय एवढं. नंबर त्याचा, नाव त्याचं, तोंड माझं.

त्याचं इथलं काम मार्चमध्ये संपतंय. पुढे न्यू जर्सीची बदली मिळाली तर ठीक, नाहीतर सरळ घरी बसा – तेही नाही म्हणत तो, मला अनघानं सांगितलं. अनघा म्हणजे माझी मुलगी. तर अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म आला. रविवारी जेवताना नचिकेत वाचत होता – पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची सगळी खाती लिहा – आणि थांबला. आमटी वाढून घेतली. म्हणाला, 'बघू.' एवढंच! ओरडला असता तर बरं झालं असतं हो. जावई सासऱ्याला बोलत नाही, सासरा जावयाला विचारत नाही, आणि मध्ये ती पोरगी. नंतर भांडी घासताना ती हळूच म्हणाली, 'बाबांना कसं सांगायचं?' मला ऐकू आलं. तीन दिवस मी वाट बघितली, कोणीतरी सांगेल. नाही सांगितलं कोणी.

आज दहाला मुलाखत. आठला दोघं बाहेर पडली. साडेआठला मी टॅब्लेट घेऊन त्याच कपाटात शिरलो – का शिरलो कोण जाणे, घरात कोणी नव्हतं. यंत्र भलं असतं, विचारतं – नुसतं लपवू, की कायमचं काढू? मी कायमचं दाबलं. लपवण्यात मला कमीपणा वाटला! आणि पावणेदहाला अनघाचा मेसेज. हा, तुम्हीच वाचा, माझा चष्मा – नको, पाठच झालाय. 'बाबा, आत चाललोय, फोन बंद ठेवतोय. नचिकेतनं तुमचं चॅनेल फॉर्ममध्ये लिहिलंय. म्हणाला, बाबांनी वावगं काय म्हटलंय, लपवायचं कशाला.'

कळलं? त्यानं लिहिलंय. तो अधिकारी ते नाव शोधणार आणि तिथे काही नसणार. मुलाखतीच्या दिवशी, दीड तास आधी पुसलेलं! व्याख्यानातल्या बोटी दिसल्या असत्या तर वाद घालता आला असता, पण रिकामी जागा – मीच शिकवायचो पोरांना, कागद नसेल तिथे आधी विचारा, कुणी फाडला?

आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं काढायला. तेव्हासारखंच. तेव्हा म्हणजे – जाऊ द्या, तुमचा काय संबंध. पुण्यात, क्रमिक पुस्तक होतं एक, मी लिहिलेलं. वरून कोणीतरी नुसतं म्हणालं, ते सातवं प्रकरण जरा बघा. बघा म्हणाले हो, काढा नाही! मी दुसऱ्या दिवशी काढूनच नेऊन दिलं. धमकी नाही, काही नाही. चहा पाजला त्यांनी मला. अनघाला ठाऊक नाही हे. तिला वाटतं, तिचा बाप कुणाला भ्यायला नाही कधी. नचिकेतलाही तेच सांगितलं असणार तिनं. म्हणून तर त्यानं बिनधास्त लिहिलं.

मग? येतं का परत आणता? कंपनीला पत्र लिहून, काही अर्ज करून, तुमच्या ओळखीचं कोणी – नाही? नक्की? बरं.

सव्वाअकरा. संपली असेल एव्हाना. तुम्हाला काय वाटतं, विचारलं असेल त्यांनी? तुम्ही काय सांगणार म्हणा –

वाजतोय. अनघा. नाही, तुम्ही उठा आता. जा. अहो, जा म्हणतोय ना, इथे थांबू नका.

हॅलो. बोल बाळा. – हो. – हो, ऐकतोय. – नाही, कोणी हॅक नाही केलं. नचिकेतला दे जरा फोन. – नचिकेत, मी.

मीच.