मधला सांधा

…छे छे, बसा हो डॉक्टर, एवढी काय घाई? पाडा कुठे पळून जातोय? पळालीच तर पोरं पळतील — तुमची देवी टोचायची पेटी लांबून दिसली की रानात पसार होतात म्हणे, खरं ना? — मग जरा उशिराच गेलेलं बरं, तोवर बेसावध होतील. बसा, या दगडावर उपरणं टाकतो. मी कर्णिक, संस्थानचा ओव्हरसियर. हंगामी. म्हणजे आजपर्यंत हंगामी — आज उद्घाटन नीट पार पडलं की कायम, कारभारी साहेबांनी तसा शब्द दिलाय. हा समोरचा पूल माझा. माझा एकट्याचा म्हणणं चूक, कमिटीचा आहे, म्हणून तर एवढा देखणा झालाय. अलीकडे आमचं जव्हार, पलीकडे तुमचा इंग्रजी खालसा मुलूख, मोखाड्याकडचा, आणि मधे ही नदी. आजवर लोक खालच्या उतारानं, चपला हातात धरून, गुडघाभर पाण्यातून जात होते. तुम्ही मात्र आज पुलावरून जायचं. पहिला मान तुमचा. नको कसं म्हणता?

अहो, ऐका तर. मी पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला होतो — होतो म्हणजे, परीक्षेला दोनदा बसलो, ते सोडा — तिथले साहेब एक गोष्ट घोकून घ्यायचे. आधी गरज ओळखा. मग चार जण एकत्र बसा, ज्याला जे सुचेल ते त्यानं बोलावं, कुणी कुणाला हसू नये. मग लहानसा नमुना करा, तो मोडून बघा, सुधारा, आणि मगच खऱ्या कामाला हात घाला. ते मी फार मनावर घेतलं. लगेच कमिटी नेमवली. शाळेचे हेडमास्तर घेतले, कारण नकाशा त्यांनाच काढता येतो — मोर फार छान काढतात. कारभाऱ्यांचे मेहुणे घेतले, कारण ते कारभाऱ्यांचे मेहुणे. मी, आणि दोन सुतार. मास्तरांना सुचलं, कठड्यावर मोर हवेत. मेहुण्यांना सुचलं, मधोमध हवा खायला बैठक हवी. मी म्हटलं, वा! हसलं कुणीच नाही, नियमच होता तसा. वजन किती पेलेल, हे मात्र कुणालाच सुचलं नाही — आणि जे सुचलंच नाही ते विचारायचं कसं? नमुना? केला की! कामट्यांचा, टेबलावर मावेल एवढा. मेहुण्यांनी त्यावर पानाचा डबा ठेवला आणि तो कडकन मधेच मोडला. मला तर आनंदच झाला. मोडायलाच हवा होता ना? मग सुधारणा केली — डिंकानं चिकटवला, आणि पुन्हा त्यावर पानाचा डबा ठेवू दिला नाही.

खरी कसोटी होती ती सुतारांची. साखरशेतचा पुंजा आणि पोशेऱ्याचा लाडक्या. दोघंही कसबी, पण व्याही, आणि बोलणं बंद! का, तर लग्नात पुंजानं दिलेली ताडी पातळ होती असं लाडक्या चारचौघांत बोलला. झालं. तेव्हापासून हा दिसला की तो तोंड फिरवतो. आता अशा दोघांकडून एक पूल कसा करून घ्यायचा? दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. मी काय केलं — पुंजाला दिला अलीकडचा काठ, लाडक्याला पलीकडचा. नदीच्या मधे तो काळा खडक दिसतोय ना? दोघांचे वासे तिथे येऊन मिळायचे. एकमेकांचं तोंड बघायला नको. निरोप काय असेल तो माझ्याकडे द्यायचा, मी पोचवणार. पुंजा म्हणायचा, "सांगा त्या ताडीला नावं ठेवनाऱ्याला, त्याचे वासे वाकडे हायेत." मी पलीकडे जाऊन सांगायचो, लाडक्या, पुंजा तुझ्या कामावर खूश आहे. लाडक्या म्हणायचा, "त्याला काय कललं लाकडातलं?" मी अलीकडे येऊन सांगायचो, पुंजा, लाडक्या म्हणतो तुझ्यासारखा सुतार नाही. खोटं? खोटं कसलं, सलोखा म्हणतात याला! काम सुरू झाल्यापासून एक तंटा नाही. दोघं गाणं म्हणत रंधा मारायचे. पुंजाची मुलगी आहे, हौशी नावाची, लाडक्याची सून — ती म्हणाली, "साहेब, मी सांगते ना माझ्या बाला, मी तर रोजच जाते-येते." मी तिला गप्प केलं. म्हटलं, हे कमिटीचं काम आहे, बायकांनी मधे पडू नये.

सांधा ना? हो, तेच सांगतो, तुमचं लक्ष बरोबर तिथेच जातंय. खडकावर दोन्ही बाजूंचे वासे जोडायचे कुणी, असा प्रश्न आला. पुंजाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, मी का त्याच्या वाशाला हात लावू? लाडक्याही तेच म्हणाला असता. मग मी पुंजाला सांगितलं, लाडक्या करतोय. आणि लाडक्याला सांगितलं, पुंजा करतोय. दोघंही लगेच कबूल! म्हटलं, होता होता कुणीतरी एक करेलच की. तर काल संध्याकाळी पुंजा हत्यारं गोळा करून आला. "आमचा पूल इथं सरला, साहेब. फुडचा त्याचा." पलीकडे लाडक्याही हत्यारं बांधतोय. आणि मधे — फार नाही हो, एक माणूस आडवा झोपेल एवढीच फट. आता रातोरात कुणाला काय सांगणार? सांगितलं तर निरोपांचं सगळंच बाहेर आलं असतं. मग बांबूची तट्टी टाकली, वर लाल जाजम अंथरलं. लांबून काय सुंदर दिसतंय! तट्टी मजबूत आहे, तशी. खाली खडक, आणि त्याच्या अंगाला डोह.

तुमचं वजन किती असेल हो? नाही, सहज. पेटीसकट विचारतोय. माझा अंदाज, तुम्ही पुंजापेक्षा हलके. चाचणी तेवढी राहिलीय बघा. बाकी सगळ्या पायऱ्या झाल्या. कारभारी साहेब आल्याबरोबर विचारणार, कर्णिक, कुणी ओलांडून पाहिला का? तर म्हणायला हवं ना, हो साहेब, सरकारी डॉक्टर आत्ताच गेले! मी? मला जायला काय झालं, पण आपल्या कामाची परीक्षा आपणच घ्यायची हे शिस्तीला धरून नाही. डॉक्टर, खरं सांगू? भीती वाटते हो. हंगामी माणसाला क्वार्टर नाही, बायको ठाण्याला माहेरी राहते, तिचे भाऊ तिला विचारतात, तुझा नवरा नक्की करतो काय. आज कायम झालो तर तिला घेऊन येईन. जाजमाच्या कडेकडेनं गेलात तर काही होणार नाही. जाता ना? अहो, उठलात ते बरं, पण तिकडे खाली कुठे? चपला कशाला काढताय?

आले वाटतं, स्वागताचा तारपा वाजायला लागला. साहेब वळणावर आले, पुंजा-लाडक्याही आपापल्या काठावर हजर. डॉक्टर! ती बघा हौशीही तिथूनच येतेय, टोपली घेऊन, पुलाखालून — ए हौशी, वर काय बघतेस? चल, पुढे चल! काय ओरडतेय ती? "बा, वर नुसती तट्टी हाय, लाकूड कुठं हाय?" गप्प बस गं! पुंजा, लक्ष देऊ नकोस, लहान आहे ती. पुंजा, अरे तू कुणाशी बोलतोयस? डॉक्टर, ऐकलंत? पुंजा लाडक्याशी बोलला! इकडून ओरडला, "सांधा तू करनार व्हतास ना?" आणि लाडक्या तिकडून, "मी? माला तर साहेबानं तुझं नाव सांगितलं!" आणि आता… आता हसताहेत. व्याही व्याही पोट धरून हसताहेत. चांगलं आहे, चांगलंच आहे, सलोखा झाला. पण माझ्याकडे का बघताहेत दोघं?

नमस्कार, साहेब! या, या. पूल तयार आहे. हो, कमिटीतल्या सगळ्यांच्या विचारानं. पुंजा, साहेबांच्या कानाशी काय लागलास? काय म्हणतो, साहेब? पहिला पाय माझा? पलीकडून लाडक्याही तेच म्हणतोय? नाही, नाही, एवढा मान मला कशाला… बरं. दोघांचं एकमत आहे तर, मी कोण नाही म्हणणार.

डॉक्टर, तुम्ही जा. जा हो, पाण्यात उभे राहून बघू नका! आलो, साहेब. हा निघालोच. जाजम तेवढं गुंडाळून घेऊ का, मळेल उगाच… असू दे म्हणता? बरं. बरं, साहेब.