चौकातले शिट्टीमामा

माझं माहेर मावळात, पवनेच्या काठाला, आन दिलं मला चाकणच्या पलीकडं. तवा इकडं कंपन्या नुकत्या यायला लागल्या व्हत्या, माझ्या बापानं बगितलं काय तर पोरगा कंपनीत हाय, महिन्याच्या महिन्याला पगार येतो, बास, मानूस कसा निघंल ते कोन बगतं. पन मानूस चांगला निघाला, ताई. आता ते न्हाईत म्हनून म्हनत न्हाई, असताना बी म्हनायची, फकस्त त्यांच्या तोंडावर न्हाई.

एकच पोरगी आमाला, मनीषा. कँटीनला गुलाबजाम असला की ह्यांच्या वाट्याचा डब्याच्या झाकनात घालून तिच्यासाठी घरी यायचा, पाक सगळा पिशवीला लागलेला, मी भांडायची, पिशवी काय तुमी धुनार व्हय. मला टायफाईड झाला तवा पोरीची वेनी हेच घालायचे, अशी करकचून घालायचे की तिचे डोळे वर ओढले जायाचे, शाळेतल्या बाई हसायच्या, पन ती दुसऱ्या कोनाला केसाला हात लावू द्यायची न्हाई. हे का सांगते, तर तुमाला कळावं की बापलेकीचं कसं व्हतं.

आता शिट्टीचं ऐका. आमच्या चौकात सकाळचं काय सांगू तुमाला, कंटेनर, टेम्पो, दुधाच्या गाड्या, आन मधीच अडकलेल्या कंपनीच्या बसगाड्या. गेटवर हजेरीचं कार्ड पंच करायला उशीर झाला की अर्धा दिवस कापतात, आन कॉन्ट्रॅक्टवरचं नवीन पोरगं असलं, दोन-तीनदा लेट झालं, की उद्यापासून येऊ नको. ह्यांनी ते स्वतः भोगलं व्हतं, ते डोक्यात बसलेलं. ह्यांची जनरल शिफ्ट, उशिराची, तरी पहाटं उठून, गळ्यात शिट्टी अडकवून चौकात. कोनी सांगितलं न्हाई, कोनी पगार देत न्हाई. ट्रॅफिकचे हवालदार येईस्तोवर ह्यांचंच राज्य, आन कायदा एकच, शिफ्ट भरायच्या टायमाला बसगाड्या आधी, बाकीच्यांनी थांबायचं, मग नगरसेवकाची गाडी असू द्या न्हाईतर मालकाची. अँब्युलन्स तेवढी सोडायचे. तिला भोंगा असतो, ती कळते. सगळी कंपनीची पोरं शिट्टीमामा म्हनायची, मी म्हनायची, गावाचे मामा झाला, घरात गॅस संपलाय त्याचं बगा. तर रात पडायच्या आत टाकी खांद्यावर घेऊन हजर. घरचं बी कदी मागं ठेवलं न्हाई त्यांनी.

मनीषा पहिल्या बाळातपनाला आमच्याकडं आली. दिवस भरत आले व्हते. त्या दिवशी हे चौकात गेले आन मागं तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, पानी गेलं. ह्यांना फोन लावते तर उचलत न्हाईत, फोन पिशवीत आन पिशवी टपरीवर, हॉर्नच्या गोंगाटात कुठलं ऐकू येतंय. शेजारचे इकबालभाई रिक्षा चालवतात, त्यांनी चप्पल बी न घालता रिक्षा काढली. आन चौकाच्या अलीकडं अडकलो. म्होरं कंटेनर. त्या कंटेनरच्या आडून मला ह्यांचा हात दिसत व्हता, नुसता हात, थांबा म्हनून आमच्याकडं केलेला, आन तिकडनं एकामागं एक बसगाड्या सोडत व्हते. इकबालभाईंनी हॉर्नवरचा हात काढला न्हाई. मी उतरून पळनार, तर पोरीनं माझा दंड असा धरला की सोडंना, आई नको जाऊ, आई नको जाऊ. तिनं बी बगितला तो हात. बापाचा हात पोरीला वळखू येत न्हाई व्हय.

मुलगा व्हता. रडला न्हाई. डॉक्टरीनबाई म्हनल्या, जरा आधी यायला पाहिजे व्हतं.

हे धावत आले, गळ्यात शिट्टी तशीच. मनीषा त्यांच्याकडं बगून येवढंच म्हनली, पप्पा, आम्ही त्या रिक्षात होतो. झालं. त्याच्यावर ती बापाशी एक शब्द बोलली न्हाई, फोन मला करायची, आई, कशी हाईस, आन ठेवून द्यायची. हे शेजारीच बसलेले असायचे.

मला वाटलं आता चौक सोडतील. सोडला न्हाई, पन काय करायला लागले तर येनारी प्रत्येक रिक्षा थांबवायची आन वाकून आत बगायचं. भाजीची रिक्षा असू द्या, शाळेच्या पोरांची असू द्या, वाकून बगायचं. गाड्या तुंबायला लागल्या, लोक शिव्या द्यायला लागले, म्हातारं येडं झालं. बसगाड्यातली पोरंच खिडकीतून वरडायची, अहो मामा, लेट होतंय. शेवटी हवालदारांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, मामा, लई केलंत, आता आराम करा. त्या दिवशी घरी आले आन शिट्टी धुवून फडताळात ठेवली. पुढं थोड्याच महिन्यांनी कंपनीतच छातीत कळ आली आन गेले. मनीषा आली, पायापाशी उभी राहिली, डोळ्यात टिपूस न्हाई. मला तिचा राग आला, ताई, आन तिची दया बी आली, दोन्ही एकदम.

परवा वर्षश्राद्ध घातलं. मनीषाला परत दिवस गेलेत, आठवा महिना, तरी आली. घर मानसांनी भरलं, जो तो मामांचं सांगत व्हता. त्यात एक नांदेडकडचा, बालाजी म्हनून, तो बोलायला लागला. म्हनला, मी नवीन होतो, दोनदा लेट झालतो, सुपरवायझर म्हनला आता तिसऱ्यांदा झालास की घरी. त्या दिवशी चौक तुंबलेला, कंटेनरच्या मागून एक रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवू लागला, पन मामानं हात काय खाली घेतला नाही, आमची बस आधी काढली. आज मी पर्मनंट आहे, लग्न झालं, पोरगी झाली, मामामुळं.

बाकीचे म्हनले, व्हय व्हय, मामा असेच. इकबालभाई उठून बाहेर गेले. माझी मनीषाकडं बगायची हिंमत व्हईना.

ती भिंतीला धरून उभी व्हती. आत गेली. मला वाटलं आता काय परत येत न्हाई ही. तर पान वाढून घेऊन आली आन त्या पोराम्होरं ठेवलं. म्हनली, पोरीचं नाव काय ठेवलंत. तो म्हनला, आराध्या. म्हनली, बसा, पोटभर जेवा. आन खीर दुसऱ्यांदा वाढली, नको नको म्हनत असताना वाढली. त्याला बिचाऱ्याला काय म्हाईत. तो गेल्यावर स्वयंपाकघरात बसली आन मग रडली, पप्पा पप्पा करून, दारातली मानसं आत आली येवढी.

तिनं बापाला माफ केलं का, मी विचारलं न्हाई. तिला म्हनलं, बाई, तू पुन्यातच सासरी बाळात हो, तिथं दवाखाने हाकेवर हाईत. तर म्हनते, न्हाई आई, मी इथूनच दवाखान्यात जानार. आता मी देवाला येवढंच म्हनते, शिफ्टच्या टायमाला कळा नको येऊ देऊस रं बाबा. आन आलीच ती वेळ, तर चौकात जो कोनी उभा असंल, त्याला वाकून बगायची बुद्धी दे.